अंदमानचा काळा सुतार : जाण्यापूर्वी एवढं करा

अंदमानचा काळा सुतारपक्षी बघायला जाणार असाल, तर तयारी इथेच, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सुरू करा. सोनपाठी सुतार तिथे सहज दिसतो. टकटक ऐकून त्याला पानांत शोधायचा सराव झाला की अर्धं काम झालं. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी भिंगाची घ्या. दहापटीची (१०×) जास्त हलते आणि दाट झाडीत पक्षी चौकटीत सापडत नाही. कॅमेऱ्यावरचा खर्च सध्या राहू द्या.

अंदमानातली नेहमीची चूक वेळेची. जानेवारीत अंदमानात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, ठाण्यापेक्षा जवळपास दीड तास आधी. न्याहारी करून निघालात तर सकाळ गेलीच! दक्षिण अंदमानातल्या चिडियाटापूला उजाडताना हजर राहा. वाळलेली उंच खोडं, मोठ्या फांद्या बघा.

ओळख सोपी आहे. साधारण कावळ्याएवढा, सगळा काळा, लाल तुरा, फिकट डोळा. नराचं कपाळही लाल आणि गालावर लाल पट्टा. मादीचं कपाळ काळं, पट्टा नाही. तिथला दुसरा सुतार बराच लहान आणि पट्टेरी, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. कोतवाल या काळ्या पक्ष्याला मात्र लोक उगाच सुतार समजतात.

मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका. पक्षी घरटं सोडून भांडायला येतो. हा फक्त अंदमानातच आहे, जगात इतरत्र नाही.

पिसांचे बारकावे नंतर बघू.