‘राज्यांना लागू’ की ‘राज्यांवर बंधनकारक’?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेत २०१० मध्ये बंदूक बाळगण्याचा अधिकार राज्यांनाही लागू झाला’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि तिथले वकील ज्याला ‘इन्कॉर्पोरेशन’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं?

व्याकरणात वाक्य बसतं, पण वाचणाऱ्याला वाटतं की राज्य सरकारांना बंदुका ठेवायची मुभा मिळाली. झालं ते नेमकं उलट. नागरिकाच्या बंदुकीवर सरसकट बंदी घालण्याची राज्यांची मोकळीक गेली.

घोळ ‘ना लागू’मुळे होतो. ‘नियम सर्वांना लागू’ म्हटलं की सर्वांवर बंधन. पण ‘सातवा वेतन आयोग शिक्षकांना लागू झाला’ म्हटलं की पगार शिक्षकांचा वाढला. म्हणजे लागू होणारी गोष्ट फायद्याची असेल, तर ‘ना’वाल्याचा लाभ. बंदुकीचा अधिकार ही फायद्याचीच गोष्ट, त्यामुळे लाभार्थी राज्यं ठरतात! त्यात ‘अधिकार’ शब्दाने भर घातली आहे. अधिकार तहसीलदाराकडेही असतो, सहीचा असतो, पदाचा असतो. इथे सरळ ‘हक्क’ लिहावा. आपल्या संविधानाच्या मराठी पाठातही ‘मूलभूत हक्क’च आहेत.

आता इन्कॉर्पोरेशन, म्हणजे केंद्राविरुद्धचा हक्क राज्यांवरही बंधनकारक होणं. त्याला मराठी शब्द शोधण्याआधी मुळात काय कशात गेलं ते पाहायला हवं. १७९१ मध्ये अमेरिकी संविधानाच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांनी नागरिकाला हक्क दिले, पण ते केंद्र सरकारविरुद्ध. बाल्टिमोरच्या बंदरात जॉन बॅरन याचा भागीदारीत धक्का होता. शहराने बांधकामं करताना ओढ्यांचे प्रवाह वळवले, गाळ धक्क्यापाशी येऊन साचला आणि मोठी जहाजं लागेनात. सरकारने मालमत्ता घेतली तर भरपाई द्यावी, असं सांगणाऱ्या पाचव्या दुरुस्तीच्या आधारे त्याने भरपाई मागितली. १८३३ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी सांगितलं की ही दुरुस्ती केंद्राला बांधते, राज्यांना नाही, आणि शहर हे राज्याचंच अंग. बॅरन रिकाम्या हाताने परतला.

यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली. रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणतंही राज्य कोणाचं जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेणार नाही, असं तिच्यात आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जुने हक्क एकेक करून या वाक्यात वाचायला सुरुवात केली. १८९७ मध्ये मालमत्तेची भरपाई, १९२५ मध्ये भाषणस्वातंत्र्य, १९६३ मध्ये गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील. बंदूक मात्र बाहेरच राहिली, कारण शस्त्राचा हक्क देणारी दुसरी दुरुस्ती फक्त केंद्रावर बंधनकारक असं १८८६ मध्येच ठरलं होतं. २००८ च्या हेलर खटल्यात हक्क व्यक्तीचा आहे एवढं स्पष्ट झालं, पण तो खटला वॉशिंग्टन डीसीचा, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला. राज्यांचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. तो शिकागोच्या ओटिस मॅक्डोनाल्ड यांच्या खटल्यात २८ जून २०१० रोजी सुटला, तोही ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने. (त्या पाचांतले न्यायमूर्ती थॉमस निष्कर्षाशी सहमत, पण चौदाव्या दुरुस्तीतल्या वेगळ्याच वाक्याच्या वाटेने.)

तेव्हा हक्क गेला तो राज्यांत नव्हे, चौदाव्या दुरुस्तीत. म्हणून माझी पसंती ‘अंतर्भाव’ला. ‘समावेशन’ आता ‘आर्थिक समावेशना’ने अडकवून ठेवलं आहे, ते ऐकलं की जनधन खातं आठवतं. ‘विलीनीकरण’ तर नकोच. संस्थानं विलीन झाली ती संपली. दुसरी दुरुस्ती मात्र आपल्या जागी शाबूत आहे.

मराठीत याला रुळलेला शब्द नाही, याचं मला नवल वाटत नाही. आपल्याकडे त्याची गरजच पडली नाही. कलम १२ मध्ये ‘राज्य’ म्हणजे केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं, स्थानिक प्राधिकरणं अशी सगळ्यांची मोट पहिल्या दिवसापासून बांधलेली आहे. मूलभूत हक्क महापालिकेलाही आपोआप बांधतात. (शस्त्राचा हक्क त्यात नाहीच; उलट एकत्र जमायचं ते शस्त्राविना, असं कलम १९ सांगतं.) एक सावधगिरी मात्र हवी. या ‘राज्या’त दिल्लीतलं केंद्र सरकारही येतं, तर अमेरिकेबद्दल लिहिताना ‘राज्य’ म्हणजे टेक्सास, इलिनॉय वगैरे घटकराज्य. एकाच लेखात दोन्ही देशांचा उल्लेख असेल तर तिथे ‘घटकराज्य’च लिहा.

मग वाक्य असं करता येईल: ‘शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क घटकराज्यांवरही बंधनकारक असल्याचा निर्णय २०१० मध्ये झाला.’ ‘सर्व हक्क’ मात्र लिहू नका. भरमसाट दंडाविरुद्धचं संरक्षण इंडियानातल्या एका जप्त लँड रोव्हरच्या खटल्यामुळे थेट २०१९ मध्ये घटकराज्यांवर बंधनकारक झालं, आणि गंभीर गुन्ह्यात आरोपपत्र ग्रँड ज्युरीकडूनच (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडून) यावं ही पाचव्या दुरुस्तीतली अट अजूनही फक्त केंद्रापुरतीच आहे.