परजणे, पाजळणे आणि पाजवणे

प्रश्न असा आला आहे: "घरी दगडावर घासून सुऱ्यांना धार लावायला शिकतो आहे. मित्राला कळवताना 'आज चार सुऱ्या परजल्या' असे लिहिले, तर त्याने विचारले, 'कोणावर चाल करून जातोयस?' दुसरा म्हणाला, 'पाजळल्या' म्हण. नेमका शब्द कोणता? आणि त्या दगडाला मराठीत नाव काय?"

मित्र हसला ते बरोबरच. परजणे म्हणजे शस्त्र हाती घेऊन वाराच्या पवित्र्यात फिरवणे. त्यात धारेचा संबंध नाही, बोथट तलवारसुद्धा परजता येते. स्वयंपाकघरात कुणी सुरी परजत असेल तर आपण दोन पावले मागे सरावे.

'पाजळणे' धारेच्या जवळ येतो. मूळ प्रज्वलनाचे, म्हणून दिवा पाजळतात. 'शस्त्रे पाजळणे' म्हणजे त्यांना धार लावून सज्ज करणे, हाही प्रयोग रूढ आहे. घासलेले पाते उजळते, त्यावरून हा अर्थ आला असावा. पण अलीकडे या क्रियापदाला 'अक्कल पाजळणे', 'ज्ञान पाजळणे' अशी संगत लागली आहे. 'सुऱ्या पाजळल्या' चूक नाही. वाचणाऱ्याच्या ओठांवर थोडे हसू येईल, इतकेच.

माझे मत तिसऱ्या शब्दाला: पाजवणे. विळा पाजवतात, कोयता पाजवतात, खुरपे पाजवतात. मग सुरीनेच काय घोडे मारले आहे? या शब्दात युद्ध नाही, उपरोध नाही, निव्वळ काम आहे.

पाजवणे आणि पाजणे हे शब्द शेजारी ठेवले की गंमत दिसते. पात्याला काय पाजायचे? पाणी. तापवून लाल केलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून एकदम निववले की कडक होते. याला आपण 'पाणी देणे' म्हणतो आणि चांगल्या पोलादाला 'पाणीदार'. ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, शल्यकर्माच्या शस्त्रांची चर्चा आहे. तिथे या क्रियेला 'पायना' असाच शब्द आहे, म्हणजे पाजणे. पायना तीन प्रकारची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात आणि तेलात. मराठी 'पाजवणे' याच विचारातून आला, असा माझा कौल आहे.

मात्र इथे एक शंका निघते. पाणी देणे हे लोहाराचे काम, भट्टीवरचे. घरी दगडावर आपण पात्याला पाणी देत नाही, त्याची कड नुसती झिजवतो. मग पाजवणे हा शब्द इथे लटका नाही का? व्युत्पत्तीने पाहिले तर आहे. पण शब्द व्युत्पत्तीला बांधलेले नसतात. हत्याराला पुन्हा कामाचे करणे या सगळ्या खटाटोपाला एकच नाव पडले, आणि त्यातला भट्टीचा भाग गळून घासण्याचा उरला. कुणी म्हणेल, दगड भिजवून वापरतात म्हणून पाजवणे. ते पटत नाही. दगडावरचे पाणी पात्यासाठी नसते. घासताना निघालेला लोखंडाचा आणि दगडाचा चुरा वाहून जावा, दगडाची छिद्रे बुजू नयेत, म्हणून ते असते. विजेच्या कोरड्या चाकावर पाते फार तापवले, कड निळसर पडली, तर मात्र लोहाराने दिलेले पाणी खरोखर उतरते, आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही.

सुश्रुताच्या त्याच अध्यायात दगडही आहे. शस्त्रांच्या निशानासाठी, म्हणजे धार लावण्यासाठी, उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घ्यावी, आणि लावलेली धार नीट बसावी म्हणून सावरीच्या लाकडाची फळी. (हे 'निशान' संस्कृत, झेंड्याचे निशाण फारसीतून आलेले. दोघांचे नाते नाही.) शस्त्र केस कापू लागले की धार झाली, ही कसोटीही तिथेच दिली आहे. आज लोक आधी दगड आणि मग चामड्याचा पट्टा वापरतात, आणि हातावरची लव निघते का ते पाहतात. फार काही बदललेले नाही.

आता दगडाचे नाव. संस्कृतात 'शाण'. शाणावर घासलेले रत्न हे सुभाषितकारांचे आवडते उदाहरण. हिंदीत त्याचे 'सान' झाले आणि ते आजही धारेलाच चिकटून आहे. मराठीत त्याच शाणाची 'सहाण' झाली, पण ती चंदनाकडे गेली. त्यामुळे 'सहाणेवर सुरी लावली' म्हटले तर वंशावळ पाहता चूक नाही, तरी ऐकणाऱ्याच्या नाकाशी गंध दरवळेल. 'शाण' लिहायला हरकत नाही. बोलताना 'धारेचा दगड' पुरे. जाता जाता, 'शहाणा' या कुळातला नाही. तो 'सज्ञान'चा. घासून घासून माणूस शहाणा होतो, ही व्युत्पत्ती कुणी सांगितली तर ऐकायला छान आहे, एवढेच म्हणावे.

धार लावणे की धार काढणे, हेही मला अनेकदा विचारतात. दोन्ही ऐकू येतात, आणि घोटाळा विभक्तीने टळतो: सुरी'ला' धार काढतात, म्हशी'ची' धार काढतात. तरी मी सुरीला धार 'लावतो'. संस्कृत कोशात या दोन धारा वेगळ्या दिल्या आहेत. वाहणारी धारा धावण्याच्या 'धाव्'पासून, आणि पात्याची धारा धुणे, घासून उजळणे या अर्थाच्या दुसऱ्या 'धाव्'पासून. म्हणजे घासणे त्या शब्दाच्या पोटातच आहे.

प्रश्नकर्त्याने लिहायलाच घेतले आहे, तर आणखी एक भेद सांभाळावा. धार 'जाते' तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. कड नुसती एका बाजूला वळली असेल तर पोलादी दांडीवर ओढून ती सरळ होते. तिथे 'धार लावली' म्हणू नये, 'धार सरळ केली' म्हणावे. कड झिजून गोल झाली असेल, म्हणजे धार मेली असेल, तर दगडच हवा: साधारण 1000 आकड्याचा (आकडा मोठा तितका दगड बारीक), आणि पात्याला दाते पडले असतील तर आधी 400 च्या आसपासचा खरखरीत. पाते दगडाशी 15 ते 20 अंशांत धरून एक बाजू इतकी घासायची, की पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागावी. कारखान्यातले लोक तिला 'बर' म्हणतात, आपणही म्हणावे. बर उठली की बाजू बदलायची, आणि शेवटी ती हलक्या हाताने काढून टाकायची. ती राहिली, तर पहिल्या दिवशी सुरी कागद सरसर कापते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोथट होते.

तेव्हा मित्राला नवे पत्र असे जावे: "आज चार सुऱ्या पाजवल्या. एकीची बर राहिली."