पंजाबच्या सीमेवर फाळणीतल्या निर्वासितांनी वसवलेल्या गावात, तारेपलीकडची शेती नेमकी कशी चालते?

तुम्ही विचारलंय की फिरोजपूर-फाजिल्काकडच्या अशा गावात शेती करणं म्हणजे रोज गोळीबाराची भीती का. भीती असते, पण ती अधूनमधून. रोजचा जाच घड्याळाचा असतो.

आधी जमीन आली कुठून ते बघू. १९४७ मध्ये पश्चिम पंजाबात हिंदू-शिखांनी सोडलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर होती आणि पूर्वेकडे वाटायला मिळाली जेमतेम ४७ लाख. म्हणून पुनर्वसनाचे प्रमुख तरलोक सिंग यांनी ‘प्रमाण एकर’ ठरवला: दहा-अकरा मण गहू देणारी जमीन म्हणजे एक. कोरडवाहू असेल तर तसे चार एकर मिळून एक धरायचे. त्यावर पायरीपायरीने कपात. पहिल्या दहा एकरांना २५ टक्के, म्हणजे दहाचे साडेसातच हातात. पाचशेच्या वरच्या भागाला तर ९५ टक्के. पुढे तीन पिढ्यांच्या वाटण्या झाल्या. त्यामुळे आज दोन-तीन ‘किल्ले’ असणारी घरं पुष्कळ. (किल्ला म्हणजे एकर, आपले ४० गुंठे. त्याचे आठ कनाल, म्हणून एक कनाल पाच गुंठ्यांचा.)

१९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काटेरी तार उभी राहिली. ती शून्य रेषेवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमेवर नाही, आपल्या हद्दीत बरीच आत आहे. मधे अडकलेली जमीन सुमारे २१ हजार एकर. तिला तिकडे ‘तारों पार’ म्हणतात. मालकी शेतकऱ्याची आणि तारेतला दरवाजा बीएसएफचा, म्हणजे सीमा सुरक्षा दलाचा.

दरवाजा ऋतूप्रमाणे साधारण सकाळी नऊ-दहाला उघडतो आणि दुपारी चार-पाचला बंद होतो. ओळखपत्र दाखवायचं, मजुरांची नावं आधी दिलेली असायला हवीत. ट्रॅक्टर, खताची पोती, जेवणाचा डबा, सगळं तपासतात. बाया मजूर असतील तर झडतीला महिला जवान लागते. ती हजर नसेल तर त्या बायांची मजुरी त्या दिवशी बुडाली. रांगेत अर्धा-पाऊण तास गेला की उरतात पाच तास.

या पाच तासांत पाणी कसं द्यायचं? खरी गोम इथेच आहे. चार इंची डिझेल पंपाने एक किल्ला गहू भिजायला सात-आठ तास लागतात. म्हणजे आज निम्म्याहून थोडं अधिक रान भिजतं आणि शिट्टी वाजते. रात्री तिथे थांबता येत नाही, म्हणून बरेच जण इंजिन ट्रॉलीवर घालून रोज आत-बाहेर नेतात. दुसऱ्या दिवशी पाणी कालच्या अर्धवट सुकलेल्या पाटातून पुन्हा पहिल्यापासून चालवायचं, त्यात तासभर डिझेल जातं ते वेगळंच. गव्हाचं पहिलं पाणी पेरणीनंतर २१ दिवसांच्या आसपास, मुकुटमुळं फुटताना लागतं. ते आठवडाभर लांबलं की फुटवे कमी. पेरणीला उशीर झाला असेल तर नेमकं तेव्हाच धुकं पडतं आणि दरवाजा उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही.

पिकाची निवडही आपल्या हातात नाही. तीन-चार फुटांपेक्षा उंच काही चालत नाही, कारण पिकाआड माणूस लपतो. म्हणून ऊस, मका, बाजरी, कापूस बाद. फाजिल्का हा कापसाचा पट्टा, तिथे हे जास्त झोंबतं. मग गहू-भात, भात-गहू. आजचा बुटका गहू तीन-सव्वातीन फुटांचा, बरोबर मर्यादेत बसतो.

रात्री राखण नसल्याने सरकंड्याच्या गवतातून रानडुकरं येतात. फटाक्यांचा उपयोग नाही, कारण ते वाजवायला माणूसच नसतो. कापणीला कंबाइन लावतात, तासाभरात किल्ला निघतो. पण ते यंत्रही नोंद करून आणि तपासून आत जातं, म्हणून चार-पाच शेतकरी मिळून एकच ठरवतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर तर गहू दोन दिवसांत काढून घ्या असं सांगितलं गेलं, तेव्हा कंबाइनवाल्यांचीच चलती होती.

भरपाई एकरी वर्षाला १० हजार ठरली आहे, पण ती रखडते. माझ्या मते पैशांपेक्षा दरवाजाचे दोन तास वाढवून मिळाले तर शेतकऱ्याला जास्त फायदा होईल.

रावीपलीकडे, गुरदासपूरच्या मकौडा पत्तनजवळ सात गावं आहेत, तिथलं गणित आणखी निराळं. पावसाळ्यात तराफ्यांचा पूल काढून ठेवतात आणि मग दूध, खत, आजारी माणूस, सगळं होडीने. तिकडे गेलात तर पावसाळा टाळा आणि ओळखपत्र खिशात ठेवा.