आरपीएमचा काटा नाचतोय, पंप बदलू का?

प्रश्न: आमची पेट्रोल व्हॅन 2008 ची आहे. सिग्नलला थांबलं की आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा, काटा 700 वरून 1500 वर जातो, परत खाली येतो, आणि पेडल दाबलं की क्षणभर अडखळून मग झटक्यात पळते. प्लग नवीन टाकले, फरक नाही. मेकॅनिक फ्युएल पंप बदला म्हणतोय.

उत्तर: थांबा हो, एवढ्यात पंपाचा खर्च नको. पंप कमजोर असला तर गाडी जास्त करून चढावर, लोडवर दम सोडते, न्यूट्रलला काटा असा वरखाली होणं म्हणजे बऱ्याचदा कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय. इंजिन चालू ठेवून इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा नेणारे, रबरी पाइप एकेक दाबून बघा, ते वाकतात तिथं खालच्या बाजूनं तडकतात, वरून धडधाकट दिसतात, आणि बारीक सुस्स आवाज आला की चोर सापडला. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा, कळकळीनं सांगतो. पाइप ठीक असतील तर थ्रॉटल बॉडी (पेडल दाबलं की उघडणारी हवेची झडप) आणि आयडल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर इंजिनाला लागेल तेवढी हवा देणारा) साफ करून घ्या, काळा चिकट कार्बन बसलेला असतो. तरी अडखळली तर थ्रॉटल सेन्सर, म्हणजे ती झडप किती उघडली ते सांगणारा भाग, स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा, पेडल हळूहळू दाबताना आकडा सलग चढला पाहिजे. आणि पंपाला हात लावायच्या आधी गेज लावून पेट्रोलचं प्रेशर मोजायला सांगाच.