कॉल केलेला कोबोल प्रोग्रॅम मूळ तारीखच बदलत असेल तर

कोबोल या संगणक भाषेत सुट्टी तपासणारा सबप्रोग्रॅम (मुख्य प्रोग्रॅमने एखाद्या कामासाठी बोलावलेला दुसरा प्रोग्रॅम) कॉल केल्यानंतर मुदतपूर्तीची मूळ तारीखच बदललेली दिसते, असे आपण लिहिले आहे. व्याजाच्या बॅचमध्ये आम्हीही हेच भोगले आहे. १५ ऑगस्ट पाठवला की सबप्रोग्रॅम सुट्टी पाहून त्याच फील्डमध्ये १६ ऑगस्ट लिहीत असे आणि पुढे एका दिवसाचे व्याज जास्त निघत असे.

तारखेआधी ‘बाय कंटेंट’ लिहा, म्हणजे तिची प्रत जाईल, हे उत्तर आपल्याला मिळालेच असेल. ते बरोबर असले तरी अपुरे आहे. सबप्रोग्रॅम पुरवणाऱ्या कंपनीच्या साहाय्य विभागाने आम्हाला एवढेच कळवून तक्रार बंद केली. पुन्हा ‘बाय रेफरन्स’ (प्रत नव्हे, मूळ फील्डच देणे) लिहीपर्यंत ‘बाय कंटेंट’चा अंमल पुढच्या प्रत्येक पॅरामीटरवर, म्हणजे कॉलमध्ये पाठवलेल्या प्रत्येक फील्डवर, चालू राहतो, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. परिणामी तारखेमागचा रिटर्न कोडही (काम नीट झाले की चुकले हे सांगणारा आकडा; शून्य म्हणजे ठीक) प्रत म्हणूनच गेला. सबप्रोग्रॅम त्यात चूक नोंदवत होता, पण आमच्या फील्डमध्ये कॉलपूर्वी ठेवलेले शून्यच राहत होते, आणि चुकीच्या तारखा बिनबोभाट पुढे जात होत्या. पुन्हा विचारल्यावर ‘आमचे मॉड्यूल योग्य कोड देते’ एवढेच उत्तर आले. अशा अर्धवट सल्ल्याचा मला आजही राग येतो, कारण त्याने दिसणारी चूक झाकली गेली आणि न दिसणारी निर्माण झाली.

म्हणून क्रम असा ठेवावा: कॉल ‘सुट्टीतपास’ युजिंग बाय कंटेंट मुदत-तारीख बाय रेफरन्स नवी-तारीख रिटर्न-कोड. लांबीही जुळवून घ्या. आपली तारीख ८ बाइटची आणि सबप्रोग्रॅमच्या लिंकेज सेक्शनमधली (बाहेरून आलेल्या फील्डचे वर्णन असलेला भाग) १० बाइटची असेल, तर प्रत पाठवूनही शेजारची मेमरी बिघडू शकते.

सबप्रोग्रॅमचा सोर्स आपल्या हाती असेल, तर दुरुस्ती तिथेच व्हावी, असे माझे ठाम मत आहे: आलेली तारीख वर्किंग-स्टोरेजमध्ये (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फील्डमध्ये) मूव्ह, म्हणजे कॉपी, करून तिच्यावरच काम करावे आणि उत्तर वेगळ्या पॅरामीटरमधून द्यावे. हे मूव्ह प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला हवे, कारण कॅन्सल केल्याशिवाय (सबप्रोग्रॅमला मूळ स्थितीत आणणाऱ्या आज्ञेशिवाय) वर्किंग-स्टोरेजमध्ये मागच्या कॉलची मूल्ये तशीच राहतात. आपला कंपायलर मी पाहिलेला नाही, तेव्हा त्याचे मॅन्युअल एकदा तपासावे.

बदलानंतर ३१ फेब्रुवारी अशी तारीख मुद्दाम पाठवून पाहा. रिटर्न कोड शून्याखेरीज काही आला आणि मूळ तारीख जशीच्या तशी राहिली, तरच तो बदल प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेत, न्या.