आजीसाठी अल्झायमरच्या संशोधनात जायचंय

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जीवशास्त्र. आजीला अल्झायमर होऊन चार वर्षं झाली. आता ती मला आत्याच्या नावाने हाक मारते. मला याच आजारावर संशोधन करायचं आहे. पण काका म्हणतात, शंभर वर्षांत या विषयात काही हाती लागलेलं नाही, आयुष्य वाया घालवशील. शिवाय मला प्रयोगांपेक्षा गणित आणि प्रोग्रॅमिंग जास्त जमतं. मी यात पडावं का? पडलेच तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या हाकेला तू ओ देतेस की नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. देत असशील तर देत राहा.

आधी काकांचं बोलणं घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये पहिल्यांदा या आजाराचं वर्णन केलं. मेंदूत पेशींबाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी त्यांना दिसल्या होत्या. तो थर अमायलॉइड या प्रथिनाचा आणि गाठी टाऊ या प्रथिनाच्या, हे कळायला १९८० चं दशक उजाडलं. त्यानंतर अमायलॉइड काढून टाकणारी औषधं एकामागून एक आली आणि पडली. २०२३ मध्ये अमेरिकेत त्यांपैकी लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत १८ महिन्यांत रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. घसरण थांबली नाही, गेलेलं परत आलं नाही, आणि काहींच्या मेंदूला सूज आली, काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. घरात रुग्ण असलेल्या माणसाला एवढंसं यश तुटपुंजं वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

पण ‘काही हाती लागलेलं नाही’ हे मला मान्य नाही. या विषयातला मुख्य प्रश्नच आता बदलतो आहे, आणि तुझ्यासारखीला तिथेच जागा आहे असं मला वाटतं.

१९८८ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातल्या १३७ वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केला. त्यातल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी शाबूत होती. त्यांचे मेंदू वजनाने जास्त भरले आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही जास्त होत्या. आजार मेंदूत होता, माणसात उतरला नव्हता. तेव्हापासून ‘मेंदू का बिघडतो’ याच्या जोडीला ‘काही मेंदू इतकं होऊनही कसे तग धरतात’ हा प्रश्न उभा राहिला.

कोलंबियातलं उदाहरण तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तिथे अँटिओकिया भागातल्या एका विस्तारित कुळात प्रेसेनिलिन-१ या जनुकातला एक दोष पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तो ज्यांच्यात असतो त्यांची स्मृती साधारण चव्वेचाळिशीत ढासळू लागते. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी या कुटुंबांसाठी अनेक दशकं खर्ची घातली. याच कुळातली एक बाई, दोष असूनही, सत्तरी ओलांडेपर्यंत बऱ्यापैकी ठीक राहिली. तपासणीत तिच्या मेंदूत अमायलॉइड प्रचंड सापडलं, टाऊ मात्र फारसं पसरलेलं नव्हतं. एपीओई जनुकाचा ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ बदल तिच्याकडे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, जनुकाच्या दोन्ही प्रतींत होता. हे २०१९ मध्ये जाहीर झालं. २०२३ मध्ये त्याच कुळातल्या एका पुरुषाची नोंद आली. तो ६७ व्या वर्षापर्यंत ठणठणीत होता आणि त्याच्यात बदल होता तो रीलिन या वेगळ्याच जनुकात. पुढच्या वर्षी क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्या २७ जणांचा अभ्यास आला. त्यांच्यात आजार सुमारे पाच वर्षं उशिरा सुरू झाला होता.

पाच वर्षं! आजीला आणखी पाच वर्षं तुझं नाव आठवलं असतं, असा विचार करून बघ.

आता तुझ्या गणिताकडे येते गाडी. २०१९ मध्येच ४८ जणांच्या मेंदूतली ८० हजारांहून अधिक पेशीकेंद्रकं एकेक करून वाचली गेली. कोणत्या पेशीत कोणतं जनुक चालू आहे, कोणतं बंद, असा तो हिशेब. नुसत्या चेतापेशीच नाहीत, तर मेंदूतली साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लियासुद्धा त्यात आहेत. हा ढीग उपसायला जीवशास्त्र समजणारा आणि प्रोग्रॅम लिहू शकणारा माणूस लागतो. असे दोन्हीकडचे लोक कमी मिळतात. तू संख्याशास्त्र मन लावून कर, आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा नीट शीक. मशीन लर्निंगचे झगमगाटी कोर्स नंतर.

पण प्रयोगशाळेकडे पाठ फिरवू नकोस. एकदा क्रायोस्टॅटवर कुणी मेंदूचे काप घेताना शेजारी उभी राहा. उणे वीस अंशांच्या पेटीत गोठवलेल्या तुकड्यावर पातं फिरतं, केसाहून कितीतरी पातळ काप सुटतो आणि लगेच गुंडाळायला लागतो. बारीक ब्रशने तो सपाट करायचा, काचपट्टीवर चिकटवायचा. फाटला की पुढचा. दिवसभर हेच. ज्या आकड्यांवर तू पुढे काम करशील ते अशाच कुणाच्या तरी हातून आलेले असतील. ते हात पाहिलेला माणूस आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

म्हणून येत्या सुट्टीत दोन महिने एखाद्या चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काढ. अल्झायमरचीच हवी असा हट्ट नको. गाईड निवडायची वेळ येईल तेव्हा गाईडना भेटच, पण त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी आधी बोल. प्रयोग फसला की तिथे काय होतं, हे त्यांना विचार. पीएचडीचा बराच काळ फसलेल्या प्रयोगांतच जातो, आणि आजाराबद्दलची तळमळ तेवढ्या काळाला पुरतेच असं नाही. रोजचं काम आवडावं लागतं.

एक गोष्ट कठोर वाटली तरी लिहितो. तुझ्या संशोधनाने आजी बरी होणार नाही. हा आजार लक्षणं दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षं मेंदूत सुरू झालेला असतो, आणि तुझं शिक्षण व्हायलाच अजून आठ-दहा वर्षं आहेत. तिचं ऋण फेडायचं म्हणून या वाटेला लागलीस, तर ती गेल्यावर तुला हरल्यासारखं वाटेल. तसं होऊ देऊ नकोस. अभ्यासाच्या नावाखाली तिच्याजवळची संध्याकाळही चुकवू नकोस.

काकांना कोलंबियातल्या त्या बाईची गोष्ट सांग. आणि सुट्टीनंतर मला कळव, तू काचपट्टीपाशी जास्त रमलीस की आकड्यांपाशी. पुढचं त्यावरून ठरवू.