वारा सुटलाय, मग पवनचक्की उभी का?

तुमचं पत्र मिळालं. मुलीची शाळा संपत आलीय, तिला पवनऊर्जेत जायचंय आणि तुमचं मन धजत नाही. तुम्ही लिहिलंय, 'प्रवासात बघावं तर निम्म्या पवनचक्क्या नुसत्या उभ्या. असल्या यंत्राच्या जिवावर आयुष्य काढायचं? आणि मुलीच्या जातीने इतक्या उंचावर चढायचं?'

पहिल्या प्रश्नाचंच उत्तर नीट देतो, कारण या क्षेत्रातली बरीचशी कामं त्यातच दडलेली आहेत.

वारा सेकंदाला 3-4 मीटरपेक्षा मंद असेल, तर वीज तयार होत नाही. तो 25 मीटरच्या आसपास गेला, म्हणजे ताशी 90 किलोमीटर, तर यंत्र स्वतःच पाती वळवून त्यांची कड वाऱ्याला देतं आणि थांबतं. हे वळवणं सेन्सर, मोटर आणि प्रोग्रॅम यांच्या भरवशावर चालतं. म्हणजे कंट्रोल सिस्टिमवाल्यांचं काम. कधी वारा भरपूर असतो, पण तेवढी वीज ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याला, पेलत नाही, म्हणून चक्की थांबवायला सांगतात. तिथे इलेक्ट्रिकलवाले लागतात. आणि कधी चक्की उभी असते ती सरळसरळ दुरुस्तीसाठी.

जागाच चुकली असेल, तर मात्र कुणाचाच इलाज चालत नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट, आणि वेग अंदाजापेक्षा 10 टक्के कमी निघाला तर ऊर्जा 27 टक्के कमी. म्हणून आधी निदान वर्षभर मनोरा उभारून वारा मोजतात. आकडेमोडीत रमणाऱ्या मुलांना मी हे काम आवर्जून सुचवतो. त्याकडे फार कुणी वळत नाही.

आता उंचीचं. चढणं हे एक काम झालं, सगळं क्षेत्र नव्हे. ते करणाऱ्याच्या अंगावर पट्ट्यांचा हार्नेस असतो. तो शिडीलगतच्या रुळावर सरकणाऱ्या कडीला अडकवलेला असतो आणि तोल गेला की ती कडी जागच्या जागी आवळते. पाती जिथे जोडलेली असतात त्या हबमध्ये शिरण्याआधी खिटी घालून चक्र जाम करतात. ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या पवनऊर्जा कंपन्यांच्या संस्थेचं सुरक्षा प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी मागतात आणि दर दोन वर्षांनी त्याची उजळणी करावी लागते. मुलगा-मुलगी हा प्रश्न त्यात कुठे येत नाही. उंचीला डोळे फिरतात का, एवढंच आधी तपासून घ्या.

पदवीचं म्हणाल, तर नावातच 'पवनऊर्जा' असलेल्या अभ्यासक्रमाच्या मागे इतक्यात लागू नका. इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल पक्कं होऊ दे. पात्यांची गोडी असेल तर मटेरियल्स, कारण ती ग्लास फायबर (काचेचे धागे) आणि रेझिन (घट्ट होणारी राळ) यांची असतात. पुढे मन बदललं तरी हे शिक्षण वाया जात नाही.

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: 'पाती तीनच का?' हे तिला वाचून दाखवा.

दोन पाती उभी आली की एक भार आणि आडवी आली की दुसरा, त्यामुळे यंत्राला सारखे हिसके बसतात. तीन असली की भार सारखा वाटला जातो. चौथं लावलं तर वजन आणि खर्च वाढतो, वीज जेमतेमच वाढते. तसंही कितीही पाती लावलीस तरी वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढता येत नाही. ही मर्यादा बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर नावाचे शिक्षक वाऱ्यापासून वीज करायला शिकवायचे. 1904 मध्ये त्यांच्या वर्गात योहानेस युल हा पोरसवदा विद्यार्थी होता. त्यानेच 1957 मध्ये गेडसरला तीन पात्यांची 200 किलोवॅटची चक्की उभी केली. आजच्या चक्क्यांची ठेवण तिच्यावरून आलेली आहे.

आणि पुढच्या प्रवासात उभी चक्की दिसली, तर आधी तिच्या शेजारणी बघ. त्या फिरत असतील आणि ही एकटीच थांबली असेल, तर नजर पायथ्याशी ने. बहुधा दार उघडं असेल आणि बाहेर गाडी लावलेली असेल.